दहावीच्या वर्गाची पाने बंद करू नका : आमच्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

यंदाच्या दहावीची ‘वर्गनोंद’ शाळेच्या वार्षिक अंकात छापायची नाही, निरोप समारंभ नववीच्या मुलांकडून काढून एका खासगी क्लासच्या सौजन्याने करायचा आणि निकालानंतर फाटकावर फक्त नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांचा फलक लावायचा, असे निर्णय आपण जानेवारीत घेतलेत. ते अमलातही आले. समारंभ झाला, निकाल लागला, फलक चढला आणि आता तीच मुले गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी कार्यालयाच्या खिडकीशी रांगेत उभी आहेत. मधल्या काळात मी आपल्याला लेखी विनंती केली, भेटीची वेळही मागितली. उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहावे लागत आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. ज्यांना उद्देशून लिहिले आहे ते ओळखतील, आणि जिथे माझी सगळी नोकरी झाली त्या शाळेची बदनामी करण्याची मला इच्छा नाही.

मी सोलापुरातल्या या शाळेत मराठी शिकवत होते आणि वर्गनोंदीचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. यंदा बाहेर पडलेला वर्ग आठवी संपवत असताना मी निवृत्त झाले, तरी शनिवारच्या वाचनतासाला जात राहिले. ही मुले मला पाचवीत पहिल्यांदा भेटली ती मोबाईलच्या पडद्यावर, कोरोनाच्या काळात. घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशी निम्म्या वर्गाची स्थिती होती. त्यांची तोंडे नीट पाहायलाच मला दीड वर्ष थांबावे लागले. त्यामुळे या वर्गाची पाने कोरी ठेवण्याचा निर्णय माझ्या मनाला जरा जास्त लागला, हे आधीच सांगून टाकते.

वर्गनोंद म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. वार्षिक अंकाची शेवटची काही पाने दहावीच्या वर्गाची असतात. प्रत्येक मुलाविषयी दोन-तीन वाक्ये, तीही शिक्षकांनी लिहिलेली नव्हेत, तर वर्गातल्याच दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. कुणी कुणाविषयी लिहायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरते. नियम थोडे पण कडक होते. कुणालाही वगळायचे नाही. टोपणनाव द्यायचे तर ज्याचे आहे त्याला विचारूनच. ‘हुशार’, ‘अभ्यासू’, ‘मनमिळाऊ’ अशी विशेषणे चालणार नाहीत. ते मूल काय करते, कसे बोलते, कशासाठी त्याला हाक मारली जाते, ते लिहायचे. त्यानंतर वर्गाने वर्षभरात काय केले याची हकिगत, आणि सर्वांत शेवटी वर्ग मध्येच सोडून गेलेल्यांची नावे. कार्यालयातल्या दाखल्यावर जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण हे सगळे असते. पण ‘प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली’ हा शेरा जवळपास सगळ्यांना सारखाच मिळतो. मुले एकमेकांपासून वेगळी कशी होती, हे शाळेच्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसते. ते फक्त त्या पानांवर असे.

आपण जे छापायचे नाकारलेत त्यात कोण होते, ते थोडे सांगते. नावे देत नाही; ती देण्याचा अधिकार वर्गनोंदीचा आहे, या पत्राचा नाही.

एका मुलाच्या घरी यंत्रमाग आहेत. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे असेल, पण यंत्राचा आवाज बदललेला त्याला इतरांच्या आधी कळतो. सातवीत कवितेच्या तासाला त्याने हात वर केला, तेव्हा मला वाटले की काही अर्थ विचारणार. तो म्हणाला, “बाई, पंख्याचं बेअरिंग गेलंय, खालच्यांना जरा सरकायला सांगा.” शिपायांनी पंखा उतरवून पाहिला, तर त्याचे खरे होते. पुढे शाळेचा ध्वनिक्षेपक, घंटा, प्रयोगशाळेतल्या तारा, पाण्याची मोटर, सगळ्यांसाठी त्यालाच वर्गातून बोलावणे येई. गेल्या स्नेहसंमेलनात आपली सगळ्यांची भाषणे ज्या माइकवरून झाली, तो त्याने दुपारी उघडून दुरुस्त केला होता. त्याला ५४ टक्के पडले आहेत आणि तो आयटीआयसाठी अर्ज भरतो आहे. फाटकावरच्या फलकावर तो नाही.

एका मुलीची आई विड्या वळते. त्यांचे बिऱ्हाड शहराबाहेर कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत गेले तरी तिने शाळा बदलली नाही. बसने येत राहिली. घरी तेलुगू, शेजारात कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी, अशा चारही भाषांत तिचे चालते. पालकसभेला येणाऱ्या कितीतरी आयांना वर्गशिक्षकांचे म्हणणे तिनेच तेलुगूत समजावून सांगितले आहे, आणि आयांचे म्हणणे शिक्षकांना मराठीत, तेही धार कमी न करता. सहलीच्या पैशांचा हिशोब नेहमी तिच्याकडे असे. आईच्या विड्यांतून रोज किती नापसंत म्हणून छाटल्या गेल्या याचा हिशोब जिने लहानपणापासून ठेवला, तिच्या हातून रुपयाचाही घोळ होणे शक्य नव्हते. तिला ८१ टक्के आहेत. तीही फलकावर नाही.

खो-खोच्या संघात संरक्षणाला सर्वांत शेवटी उतरणारी एक मुलगी होती, चष्म्याला मागून नाडी बांधून खेळणारी. एक मुलगा अक्कलकोटकडचा. परिपाठात बातम्या वाचताना त्याचा कानडी हेल ऐकून पहिल्या आठवड्यात वर्ग हसला, आणि वर्षअखेर निम्मा वर्ग त्याच हेलात बोलू लागला. मुख्याध्यापकांची नक्कल खुद्द मुख्याध्यापकांसमोर करून दाखवणारा एक होता, आणि ती पाहून त्यांनीच ‘पुन्हा कर बे’ म्हटल्याचे मी ऐकले आहे. (मुख्याध्यापक अस्सल सोलापूरचे आहेत.)

एक मुलगा बोलताना अडखळतो. दर वर्षी १२ जानेवारीला दहावीचा वर्ग चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जातो. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या दिवशी चार मुले चौघांविषयी बोलतात. यंदा कुर्बान हुसेन यांच्याविषयी बोलण्यासाठी या मुलाने स्वतःहून नाव दिले. वर्गाने आदल्या दिवशी आपसांत ठरवले की तो थांबला तर कुणीही पुढचा शब्द सुचवायचा नाही. भाषण ठरल्यापेक्षा बरेच लांबले. वाहनांचे हॉर्न वाजत राहिले आणि वर्ग उन्हात उभा राहिला. हे त्या एका मुलाविषयी आहे तितकेच त्या वर्गाविषयीही आहे, आणि ते लिहून ठेवण्याची सोय आपण काढून घेतलीत.

याच वर्गाने सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या अडुसष्ट लिंगांचा नकाशा तयार केला. घरात यात्रेच्या मिरवणुकीत पेलायच्या नंदीध्वजाचा सराव करणारे भाऊ आणि काका असलेला एक मुलगा वाटाड्या झाला. पेंटरच्या मुलाने अक्षरे काढली. आणि काही लिंगे बाजारपेठेत दुकानांच्या मागे, काही घरांच्या अंगणात कशी आहेत ते मुलांनी चालत जाऊन पाहिले. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तो नकाशा वर्गाबाहेर लावला होता. सध्या तो कुठे आहे, हे कार्यालयात कुणालाच सांगता आले नाही.

आता माझ्या तक्रारी. पहिली वर्गनोंदीविषयीच आहे. ती बंद करण्याची तीन कारणे आपल्या ठरावात आहेत : छपाईचा खर्च, मुलांचा अभ्यासाचा वेळ आणि मुलांच्या माहितीची गोपनीयता. खर्चाचे म्हणाल तर फाटकावरच्या रंगीत फलकाला कात्री लावा, असे मी म्हणत नाही. पण काळ्या-पांढऱ्या छपाईची काही पाने परवडत नाहीत आणि तो फलक परवडतो, हे मला समजलेले नाही. वेळेचे म्हणाल तर वर्गनोंद दिवाळीनंतरच्या मराठीच्या तासांत लिहिली जाते आणि नाताळच्या आधी संपते. प्रसंगलेखन आणि व्यक्तिचित्र यांचा याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो आपण काढलात हे बरे झाले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. त्या भावनेने वर्गनोंदीसाठी पालकांची सही घ्या, पत्ता आणि फोन छापू नका, अंक शाळेबाहेर विकू नका; मी स्वतः तसाच आग्रह धरीन. पण मग फाटकावर लावलेल्या आणि समाजमाध्यमांवरही टाकलेल्या त्या फलकावरच्या मुलांची छायाचित्रे, संपूर्ण नावे आणि गुण यांसाठी कुणाची सही घेतली होती? मी तीन पालकांना विचारले. एकालाही विचारणा झालेली नव्हती.

दुसरी तक्रार त्या फलकाचीच. मुलांमध्ये अनिष्ट स्पर्धा वाढते म्हणून राज्याच्या शिक्षण मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले. जे मंडळाने सोडले ते आपण फाटकावर टांगले आहे. ज्यांना नव्वदच्या वर गुण मिळाले त्यांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचे कौतुक व्हायलाच हवे; त्यातल्या दोघांना निबंध लिहायला मीच शिकवले आहे. पण उरलेल्या मुलांना दाखला घ्यायला येताना त्याच फलकाखालून आत यावे लागते, याचा विचार व्हायला हवा होता. गुणांवर किती भिस्त ठेवायची, हे २०२१ने आपल्याला दाखवले होते. त्या वर्षी कोरोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली, नववी आणि दहावीच्या शाळांतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के आला. त्या वर्गाच्या गुणपत्रिकेवरून कोण काय होते ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांची वर्गनोंद मात्र मुलांनी मोबाईलवर आवाज नोंदवून पाठवली आणि आम्ही ती उतरवून घेतली. त्यांना निरोप समारंभ मिळाला नाही, एकत्र छायाचित्रही मिळाले नाही. ती पाने तेवढी मिळाली.

निरोप समारंभाविषयी थोडक्यात लिहिते, कारण जे झाले ते पुष्कळ पालकांनी पाहिले आहे. नववीने दहावीला निरोप द्यायचा, पोहे करायचे, दहावीने शाळेला जमेल ती भेटवस्तू द्यायची, ही पद्धत होती. यंदा मुलांच्या मनोगतांसाठी ठेवलेला वेळ क्लासच्या प्रतिनिधींनी अकरावीच्या प्रवेशाचे आणि आपल्या शुल्काच्या सवलतीचे सांगण्यात घेतला. दहावीने वर्गणी काढून आणलेले भिंतीवरचे घड्याळ व्यासपीठावर न देता कार्यालयात जमा करावे लागले. समूह छायाचित्रात पुढच्या ओळीतल्या सगळ्या खुर्च्या विश्वस्तांनी आणि पाहुण्यांनी घेतल्या, आणि शेवटच्या ओळीतल्या मुलांची नुसती कपाळे आली आहेत. छायाचित्र दहावीच्या वर्गाचे आहे, असे त्यावर छापले आहे.

माझी शेवटची तक्रार सर्वांत मोठी आहे, आणि ती या एका वर्गापुरती नाही. ग्रंथालयाची खोली संगणक कक्षासाठी घेतली गेली, तेव्हा जुन्या वार्षिक अंकांचे गठ्ठे बांधून जिन्याखाली ठेवले गेले. संगणक कक्ष हवाच होता, त्याबद्दल आपले आभारच मानते. मुलींची स्वच्छतागृहे आणि पाण्याची मोठी टाकी हीही या मंडळाची कामे आहेत, आणि ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते तिथे टाकीचे मोल शिक्षकांना विचारावे. पण त्या गठ्ठ्यांतले काही उन्हाळ्यात रद्दीत गेले. कुठल्या वर्षांचे गेले याची यादी कुणी केली नाही.

त्या अंकांत काय होते हे आपल्यापैकी ज्यांनी ते कधी उघडलेच नाहीत त्यांना सांगायला हवे. गिरण्या चालू असतानाच्या अंकांत मिलच्या भोंग्यावर उठून शाळेत येणारी, दुपारी वडिलांचा डबा जुन्या मिलच्या फाटकावर पोहोचवून मागच्या दाराने वर्गात शिरणारी मुले आहेत. गिरण्या बंद पडू लागल्या त्या वर्षांत सकाळी वर्तमानपत्रे टाकणारी, सायंकाळी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारी मुले दिसू लागतात, आणि मध्येच वर्ग सोडून गेलेल्यांची यादी लांबते. त्या वर्षांचा सोलापूरचा इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलांनी मित्रांविषयी लिहिलेली ही वाक्ये त्याला दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्या वर्षीच्या दहावीने चादरी गोळा केल्या होत्या. कोणाच्या घरून कोरी आली आणि कोणी स्वतःच्या अंगावरची दिली, हे वर्गनोंदीत त्यांच्याच शब्दांत आहे. निदान होते, तो अंक उरला आहे की नाही, हे मला कळू शकलेले नाही.

ही पाने निर्दोष होती, असा माझा दावा नाही. जुन्या अंकांत मुलांना परिच्छेद आणि मुलींना ‘शांत व सुस्वभावी’ एवढीच एक ओळ, असा प्रकार सर्रास दिसतो. एखाद्याच्या गरिबीवर केलेली, तेव्हा विनोदी वाटलेली वाक्येही आहेत. त्यासाठीच पुढे नियम झाले. दोष असतील तर ते काढता येतात. पाने रद्दीत गेली की दोष आणि मुले दोन्ही जातात.

आठवीत असताना याच वर्गाला आम्ही डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात नेले होते. १९१०मध्ये सोलापुरात जन्मलेले, १९३८मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि १९४२मध्ये तिथेच अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारलेले हे डॉक्टर. सगळे पाहून झाल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, शाळेत असताना ते कसे होते?” आमच्यापैकी कुणालाही तिला काही सांगता आले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

यंदाच्या दहावीची वर्गनोंद स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनासाठी माजी विद्यार्थी येतात तेव्हा ती प्रत्येकाच्या हाती द्यावी. मजकूर तयार आहे. शाळेने छापायला नाही म्हटले तरी मुलांनी चिठ्ठ्या टाकून एकमेकांविषयी लिहिले आहे आणि ती वही त्यांच्याकडे आहे. संपादन आणि मुद्रितशोधन मी विनामूल्य करीन. यंदाची छपाई आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून करू. पुढच्या वर्षापासून मात्र तिची तरतूद शाळेच्या अंदाजपत्रकात असावी, कारण हे काम कुणाच्या दानावर चालू नये.

वर्ग मध्येच सोडून गेलेल्यांची नावे वगळू नयेत. या वर्गातला एक मुलगा नववीत असताना टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला. पाचवी ते नववी तो याच बाकांवर होता आणि मुलांनी त्याच्याविषयीही लिहिले आहे.

फाटकावरचा फलक उतरवावा. फलक लावायचाच असेल, तर पालकांच्या लेखी संमतीने आणि उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलांच्या नावांचा, टक्केवारीशिवाय लावावा.

निरोप समारंभ पुन्हा नववीकडे द्यावा आणि शाळेच्या व्यासपीठावर कोणत्याही खासगी क्लासला जाहिरातीसाठी बोलावू नये. समूह छायाचित्रात पुढच्या खुर्च्यांवर कुणाला बसवायचे, ते वर्गाने ठरवावे.

उरलेल्या वार्षिक अंकांची वर्षवार यादी करून ती सूचनाफलकावर लावावी. जे अंक गेले त्यांच्या प्रती माजी विद्यार्थ्यांकडून मिळवण्यासाठी शाळेने स्वतः आवाहन करावे. कित्येक घरांत ते जपून ठेवलेले आहेत, हे मी खात्रीने सांगते. नवीन संगणक कक्षात स्कॅनर आहे. वापर सुरू करायला हे काम चांगले आहे.

या सर्व मागण्या शिक्षक-पालक संघाच्या पहिल्या सभेपुढे ठेवाव्यात आणि आपले म्हणणे तिथे लेखी मांडावे. मी त्या सभेला येईन. तोपर्यंत जिन्याखालचे उरलेले गठ्ठे कुणालाही देऊ नयेत, असा लेखी आदेश कार्यालयाला आजच द्यावा.

कळावे,
आपली,
याच शाळेतील एक निवृत्त सहशिक्षिका
सोलापूर